तिलाच विचारा

गेल्या नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी मी कामावरून लवकर घरी आले, तेव्हा दारात लेकीचे बूट होते. गुरुवारी दुपारी एक ते साडेतीन तिचे रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल असते, हे मला पाठ होते. तिने स्वतःच्या हाताने लिहिलेले वेळापत्रक सप्टेंबरपासून फ्रिजच्या दारावर चिकटलेले होते. बूट ओले होते, पण त्यांच्याखाली पसरलेला कागद वाळत आला होता, म्हणजे ती येऊन बराच वेळ झाला होता. वरच्या खोलीतून गाण्याचा बारीक आवाज येत होता. जिना चढून वर जाणे आणि दार वाजवणे हा सरळ मार्ग होता. तो मी का घेतला नाही, याचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही. कोट अंगावर तसाच ठेवून, ओट्याशी उभी राहून, हलक्या आवाजात मी तिच्या कॉलेजच्या नोंदणी कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज वयस्कर आणि समजूतदार होता. मी मुलीचे नाव सांगितले आणि तिची रसायनशास्त्राची नोंदणी अजून आहे ना, एवढेच विचारले. त्या म्हणाल्या, की विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय त्याच्या नोंदींबद्दल आम्हाला कोणाशीही बोलता येत नाही. मी म्हटले, "अहो, ती सोळा वर्षांची आहे. मी तिची आई आहे."

"हो," त्या म्हणाल्या. आणि मग, अगदी मायेने, "तुम्ही तिलाच विचारा ना."

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांनी नियम सांगितला आणि तो बरोबरच होता. मला टोचला तो त्यांचा "हो". त्यात हरकत नव्हती, आश्चर्य नव्हते, सोळा या आकड्याला जराही वजन नव्हते. गंमत अशी, की त्याच आठवड्यात तिच्या हायस्कूलकडून एक अर्ज आला होता. शाळेच्या वेळात डोके दुखले तर साधी गोळी देण्यासाठीसुद्धा त्यावर डॉक्टरांची सही हवी होती आणि पालकांची हवी होती. म्हणजे सकाळी अकरापर्यंत माझ्या सहीवाचून जिला गोळी गिळता येत नाही, तीच मुलगी अकरा वाजता बसमध्ये बसून दोन मैल पलीकडे कॉलेजापाशी उतरते, तेव्हा तिच्या गुणांशी माझा कायद्याने काही संबंध उरत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीचा हा अमेरिकी कायदा १९७४ चा आहे. शाळेत असेपर्यंत हक्क आईवडिलांचा; मूल अठरा वर्षांचे झाले किंवा कोणत्याही वयात कॉलेजात शिकू लागले, की तिथल्या नोंदींवरचा हक्क त्याचा. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण पत्रकात वाचलेली ओळ वेगळी आणि ओट्याशी उभे राहून कानात आलेली वेगळी.

आम्ही राहतो ते सिएटलच्या पूर्वेला, तळ्याच्या पलीकडच्या काठावर. इथल्या मराठी घरांत मूल दहावीत गेले की दोन शब्द जेवणाच्या ताटाभोवती फिरू लागतात: एपी आणि रनिंग स्टार्ट. एपी म्हणजे शाळेतच बसून कॉलेजच्या तोडीचा विषय शिकायचा, मे महिन्यात देशभर एकच असलेली परीक्षा द्यायची, आणि जुलैत एक ते पाच यांपैकी कोणता आकडा पदरात पडतो त्याची वाट पाहायची. एका पेपरची फी शंभर डॉलरच्या घरात, आणि त्या आकड्याचे क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे एकक, द्यायचे की नाही हे पुढचे विद्यापीठ ठरवणार. रनिंग स्टार्टमध्ये असा एका दिवसाचा निकाल नसतो. अकरावी-बारावीची मुले सरळ कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या, वर्गात जाऊन बसतात, शिकवणीची फी भरावी लागत नाही, पुस्तके आणि किरकोळ शुल्क तेवढे आपले; आणि पाच क्रेडिटचा एक विषय पार पडला की तो कॉलेजच्या खात्यावर तर मांडला जातोच, शिवाय हायस्कूलच्या खात्यावर अख्ख्या वर्षाच्या विषयाएवढा जमा होतो. मिनेसोटाने १९८५ मध्ये असा रस्ता पहिल्यांदा उघडला, वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने १९९० मध्ये. अशी नव्वद क्रेडिटे झाली की बारावीच्या प्रमाणपत्राबरोबरच दोन वर्षांची असोसिएट पदवीही हातात पडू शकते.

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभे राहिले, की हा हिशेब ऐकू येतोच. कोणाच्या मुलाची पंचेचाळीस झाली, कोणाच्या मुलीची साठ. "दोन वर्षं वाचली हो आमची," असे एका गृहस्थांनी मला मोठ्या समाधानाने सांगितले होते. राज्याच्या विद्यापीठाची वर्षाची फी बारा-तेरा हजार डॉलर धरली तर वाचलेले पैसे किती, हे त्यांनी बोटांवर मोजूनही दाखवले. मी मान हलवली, कारण तोच हिशेब मीही आमच्या घरात कागदावर केला होता आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. तरी 'वाचली' हे क्रियापद तेव्हापासून माझ्या मागे लागले आहे. पैसे वाचतात तशी वर्षे वाचतात का, आणि वाचलेली वर्षे ठेवायची कुठे? शिवाय तो हिशेब वाटतो तितका सरळही नसतो. नव्वद क्रेडिटे खिशात असली तरी वॉशिंग्टन विद्यापीठाकडे या मुलांनी पहिल्या वर्षाचे विद्यार्थी म्हणूनच अर्ज करायचा असतो. आणि हायस्कूल पुरे करण्यासाठी जी क्रेडिटे वापरली ती आमच्याकडे पुन्हा चालणार नाहीत, असे म्हणणारी खासगी विद्यापीठे बरीच आहेत. प्रसादाच्या रांगेत हे कोणी बोलत नाही. तिथे शिऱ्याचा द्रोण हातात येईपर्यंत आकडे नुसते वाढत जातात.

'क्रेडिट' या शब्दाची माझी पहिली ओळख सातारच्या पोवई नाक्याजवळच्या किराणा दुकानातली. तिथे 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी होती आणि तिच्याखालीच शेठजींची उधारीची लाल वही होती. क्रेडिट म्हणजे उधारी, असे आम्ही समजत होतो. पुढे वर्तमानपत्र वाचू लागल्यावर ते श्रेय झाले. बँकेच्या पासबुकात मात्र त्याच शब्दासमोर 'जमा' असे छापलेले असे. लेकीच्या कॉलेजच्या संकेतस्थळावर तिच्या नावापुढे पहिली पाच क्रेडिटे दिसतील तेव्हा कोणता अर्थ धरायचा, हे मी मनात योजून ठेवले होते: जमा. पण ते संकेतस्थळ तिच्या पासवर्डने उघडते. हायस्कूलचे संकेतस्थळ माझ्याही पासवर्डने उघडते. त्या गुरुवारी फोन ठेवल्यावर मी ते उघडून पाहिले. सकाळच्या तीन तासांपुढे विषय, शिक्षक, गुण, गृहपाठाच्या तारखा, सगळे काही होते. दुपारच्या तीन चौकोनांत फक्त 'रनिंग स्टार्ट' एवढेच लिहिलेले होते.

मी स्वतः सोळाव्या वर्षी कॉलेजात होते. ही ओळ इथल्या लोकांना सांगितली की ते कौतुकाने भुवया उंचावतात, आणि मग मला समजावून सांगावे लागते की महाराष्ट्रात अकरावीला सगळेच कॉलेजात जातात. १९९४ च्या जूनमध्ये मी अकरावी सायन्सला गेले, तेव्हा आमच्या घरात "ती आता कॉलेजला जाते" हे वाक्य इतक्यांदा म्हटले गेले की शेजारच्या आजी मला अहोजाहो करू लागल्या होत्या. प्रत्यक्षात काय बदलले होते? गणवेश गेला. ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावायच्या, लेडीज सायकलच्या चेनमध्ये ती अडकू द्यायची नाही, ही नवी विद्या आली. हजेरीला नाव जाऊन आकडा आला. मी एकशे सत्तेचाळीस होते, आणि "येस सर" म्हणायला उशीर झाला तर एकशे अठ्ठेचाळीसवर जाऊन पोहोचलेले सर मागे वळून पाहत नसत. खिडकीतून अजिंक्यतारा दिसे आणि जुलैत तो दिवसच्या दिवस ढगात नाहीसा होई. एवढे सोडले तर ते कॉलेज नावापुरतेच होते. पाठ्यपुस्तक मंडळाचे, बारावीची परीक्षा मंडळाची, प्रयोगवहीवर कव्हर घालायचे आणि आकृत्या पेन्सिलीनेच काढायच्या. वरच्या मजल्यावर बी.एस्सी.ची मुले होती, त्यांच्या वर्गात डोकावायचीसुद्धा आम्हाला सोय नव्हती. आम्हाला नाव कॉलेजचे मिळाले होते आणि जमा काहीच होत नव्हते. माझ्या लेकीचे नेमके उलटे आहे. नाव हायस्कूलचे, आणि जमा मात्र कॉलेजची.

माझ्या वडिलांची, आप्पांची, तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या वेळी अकरावी ही शाळेतलीच शेवटची इयत्ता होती, मॅट्रिकची. दहावीची पहिली तुकडी महाराष्ट्रात १९७५ ला बसली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मॅट्रिक होऊन १९६५ साली ते गावाकडून सातारला आले आणि छत्रपती शिवाजी कॉलेजात प्री-डिग्रीला दाखल झाले. कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका' योजनेतून त्यांचे शिक्षण झाले. पहाटे मळ्यात पाणी द्यायचे, खुरपणी करायची, मग विहिरीवर हातपाय धुऊन तासाला बसायचे. काम किती तास केले ते एका वहीत मांडले जाई आणि महिनाअखेर त्याचे पैसे त्यांच्या नावावर जमा होत. त्यांच्या वडिलांनी ते कॉलेज कधीही पाहिले नाही. मुलगा काय शिकतो हे विचारावे असे त्यांना वाटलेही नसेल, आणि वाटले असते तरी फोन लावायला ना फोन होता, ना पलीकडे उत्तर देणारे कोणी. इथे लोक क्रेडिट 'कमावले' म्हणतात, तेव्हा माझ्या कानात आधी आप्पांची ती वही वाजते.

आणि कानात वाजते ते अगदीच चुकीचे नाही, हे मला अलीकडे कळले. अमेरिकेतल्या शिक्षणाचे हे मोजमाप निघाले तेच मुळी निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून. पोलादाच्या व्यवसायात गडगंज झालेले अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे आले आणि मग प्रश्न पडला, की कॉलेज म्हणायचे कशाला? त्या काळी कॉलेजचे नाव लावून शाळेचेच वर्ग चालवणाऱ्या संस्था कमी नव्हत्या. तेव्हा कार्नेगींच्या प्रतिष्ठानाने अट घातली: प्रवेशासाठी हायस्कूलची चौदा एकके पुरी केलेली लागतील तेच कॉलेज, आणि वर्षभरात एका विषयाचे एकशेवीस तास म्हणजे एक एकक. पेन्शनच्या ओढीने बऱ्याच संस्था त्या मापात बसल्या, आणि शाळा कुठे संपते व कॉलेज कुठे सुरू होते याची रेघ ठळक झाली. माझ्या लेकीची बस रोज अकरा वाजता जी रेघ ओलांडते, ती वृद्ध प्राध्यापकांच्या उदरनिर्वाहासाठी आखलेली आहे, हे वाचून मला उगाचच बरे वाटले. सातारच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजला मात्र कार्नेगींनी एक छदामही दिला नसता.

पण हे सगळे नंतरचे. त्या गुरुवारी मी चहा टाकला, दोन कप केले आणि शेवटी जिना चढले.

ती पलंगावर पालथी पडून वाचत होती. मी काही विचारण्याआधीच, पुस्तकातून डोळे न काढता, म्हणाली, "केमिस्ट्री सोडली मी. सोमवारी." मग उठून बसली, कप घेतला, आणि सांगू लागली, तेही एखाद्या तिसऱ्याच माणसाची हकिगत सांगावी तसे. पहिल्या चाचणीत अठ्ठावन्न पडले होते. दुसरीत त्याहून फार वर जाणार नाही हे तिला दिसत होते, कारण मोल आणि समतोल यांच्या मधले कुठलेतरी गणित तिच्या हातून सुटले होते आणि वर्ग तिच्यासाठी थांबत नव्हता. अकरा आठवड्यांच्या सत्रात थांबायला वेळच नसतो. ती प्राध्यापकांना त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन भेटली. सत्राच्या सातव्या आठवड्यानंतर विषय सोडता येणार नाही, हे तिने आधीच पाहून ठेवले होते. तिने शाळेतल्या समुपदेशक बाईंनाही कळवले होते, बारावीपर्यंतच्या विषयांची जुळणी त्यांच्याकडून पुन्हा करून घेतली होती. म्हणजे शाळेला ठाऊक होते, कॉलेजला ठाऊक होते. तिच्या प्रयोगाच्या टेबलावर असलेल्या दोघांनाही ठाऊक होते: एक सैन्यातून परत आलेला तिशीतला माणूस, आणि दुसरी नर्सिंगच्या प्रवेशासाठी धडपडणारी दोन मुलांची आई. त्या बाईने तिला स्वतःच्या टिपणांची वही देऊ केली होती म्हणे.

"पण मग सी ग्रेड का नाही घेतलास? पास तर झाली असतीस," मी म्हटले. माझ्या आवाजात प्रसादाची रांग होती, ती मलाच ऐकू आली.

"आई, हा शाळेचा रिपोर्ट कार्ड नाहीये. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर सी पडला की तो जन्मभर राहतो, मी तीस वर्षांची झाले तरी. डब्ल्यूपण राहतो, पण तो गप्प असतो."

डब्ल्यू म्हणजे विषय सोडल्याची खूण. तो गप्प असतो, हे मी मनात घोळवत बसले. सोळाव्या वर्षीच्या चुका कायमच्या कागदावर जाण्याचा हा भाग आम्हा पालकांच्या बोटांवरच्या हिशेबात कधी येतच नाही. अकरावीच्या सहामाहीत मला भौतिकशास्त्रात पस्तीसच्याही खाली गुण होते. तो कागद आज पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही. आमच्याकडे अकरावी हे वर्षच मुळी कोणी मोजत नसे, ते बारावीच्या आधी जरा दम खाण्यासाठी असते असा समज होता. मी त्या वर्षी सायकलवरून पडले, दोनदा प्रेमात पडले, एका नाटकात दासीचे काम केले आणि भौतिकशास्त्रात आपटले. यांतल्या एकाचीही कुठे नोंद नाही. ही मुले मात्र तेच वय खाते उघडून जगतात. त्यांचे कौतुक करावे की त्यांना जवळ घेऊन थोपटावे, हे मला त्या क्षणी ठरवता येईना, आणि तिला दोन्ही नको होते. तिला चहात साखर कमी वाटत होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सरांना माहीतच नव्हतं मी शाळेत आहे ते. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, मला वाटलं तू नोकरी करत असशील, म्हणून अभ्यासाला वेळ मिळत नसेल." हे सांगताना मात्र तिचा चेहरा उजळला. अठ्ठावन्न गुणांच्या त्या सगळ्या कहाणीत ही एक गोष्ट तिने जपून ठेवली होती. त्या वर्गात ती कोणाची मुलगी म्हणून बसलेली नव्हती आणि लहान आहे म्हणून कोणी तिला सांभाळूनही घेतले नव्हते. तिला कमी गुण पडले तेही इतरांसारखेच, मोठ्या माणसाचे.

मी फोन केल्याचे तिला सांगितले नाही. फोनवरच्या बाईंनी शेवटी एक उपायही सुचवला होता: विद्यार्थ्याने संमतिपत्र भरून दिले तर आईवडिलांना नोंदी पाहता येतात. ते पत्रक मी त्याच रात्री छापून घेतले. एका पानाचे आहे. वर विद्यार्थ्याचे नाव, खाली ज्यांना माहिती द्यायची त्यांची नावे, आणि तळाशी विद्यार्थ्याची सही. पासपोर्ट आणि जन्मदाखले असलेल्या खणात मी ते ठेवले आहे. तिच्यापुढे ठेवले तर ती सही करील, बहुधा एक शब्दही न बोलता करील. म्हणूनच ते खणातून निघत नाही.

रविवारी सकाळी सातारला व्हिडिओ कॉल लागतो. तिकडे रात्रीची जेवणे झालेली असतात आणि आप्पा खुर्ची दिव्याखाली ओढून बसतात. हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही, म्हणून दर वेळी तोच प्रश्न असतो. त्या रविवारीही त्यांनी विचारले, "कितवीत गं तू आता?"

"अकरावीत, आप्पा."

"म्हणजे कॉलेजात."

एरवी ती समजावून सांगते, की नाही आप्पा, इथे अकरावी म्हणजे शाळाच, पण मी कॉलेजलाही जाते, म्हणजे दोन्ही. त्या दिवशी तिने पडद्याकडे पाहिले आणि "हो" म्हणाली. आप्पांनी मान डोलावली आणि पाऊस आहे का विचारले.

डिसेंबरच्या सुरुवातीला पुढच्या सत्राचा नोंदणी अर्ज आला. हा दर सत्राला नवा भरावा लागतो; त्यावर शाळेच्या समुपदेशक बाईंची सही लागते, विद्यार्थ्याची लागते, आणि विद्यार्थी अठराच्या आतला असल्यामुळे पालकांचीही लागते. कॉलेजात जाऊ द्यायला माझी सही हवी, तिथे काय झाले ते कळायला तिची. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा मी मेथी निवडत होते. हात पुसून अर्ज घेतला. पहिल्या ओळीत इंग्रजी होते, दुसऱ्या ओळीत पुन्हा रसायनशास्त्र, तोच विषय, तोच क्रमांक, पण या वेळी प्रॅक्टिकल मंगळवारी संध्याकाळी, पावणेआठपर्यंत. मी काही बोलले नाही. पेन चालेना, म्हणून तिनेच दप्तरातून दुसरे काढून दिले. मी सही केली. कागदाच्या कडेला मेथीचा ओला हिरवा डाग पडला, तो तिने बाहीने टिपला.

"पावणेआठला अंधार असेल," मी म्हटले. "घ्यायला येऊ?"

"बस आहे ना." तिने अर्ज फाइलमध्ये सरकवला, दारापर्यंत गेली आणि वळली. "पाऊस असला तर ये. पण आत येऊ नको. पार्किंगमध्ये थांब."